चिपच्या पोटातलं सॉफ्टवेअर कसं मागायचं: नवख्यांसाठी

मार्च २०१७ मध्ये एएमडीनं रायझन प्रोसेसर बाजारात आणले. त्याच सुमारास कंपनीच्या प्रमुख लिसा सू आणि त्यांचे सहकारी रेडिटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसले. किंमत, वेग, गेम असे प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. पण मतांच्या जोरावर अगदी वर चढून बसलेल्या प्रश्नांत एक वेगळाच होता: प्रत्येक प्रोसेसरमध्ये जो छोटा ‘सुरक्षा प्रोसेसर’ बसवलेला असतो, त्याच्या फर्मवेअरचा (म्हणजे चिपमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड, माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, तुम्ही खुला करणार का? उत्तर साधारण असं आलं की सध्या तसा बेत नाही, पण मुद्दा चांगला आहे, विचार करू. काही महिन्यांनी कंपनीनं नाही म्हणून सांगून टाकलं.

बऱ्याच जणांनी तिथेच हात टेकले. २०२३ मध्ये मात्र त्याच सुरक्षा प्रोसेसरवर चालणाऱ्या एका भागाचा, म्हणजे सर्व्हरमधल्या व्हर्च्युअल मशिनींची मेमरी कूटबद्ध ठेवणाऱ्या सेव्ह फर्मवेअरचा कोड एएमडीनं चौथ्या पिढीच्या एपिक प्रोसेसरसाठी गिटहबवर ठेवला. त्याच वर्षी प्राग इथल्या परिषदेत ‘ओपनसिल’ जाहीर झालं. प्रोसेसर जागा करणारा जो कोड आजवर बंद डब्यात यायचा, त्याची जागा २०२६ च्या आसपास या खुल्या कोडनं घ्यावी असा तो बेत. सहा वर्षांपूर्वीच्या त्या एका प्रश्नामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मते मोठ्या सर्व्हर-गिऱ्हाइकांचा रेटा त्याहून भारी होता. पण गिऱ्हाइकांना काय मागायचं हे ठाऊक झालं, कारण ते कुणीतरी आधी नेमक्या शब्दांत मागितलेलं होतं.

पुढचं सगळं त्या ‘नेमक्या शब्दांत’ याबद्दल आहे. मी स्वतः पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तीन पानं खर्ची घातली होती, त्यातली दोन स्वातंत्र्याच्या व्याख्येवर. उत्तर आलं: ‘कृपया ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा.’

आधी आपल्या मशीनची चिरफाड (कागदावर)

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर लिनक्स किंवा विंडोज सुरू होण्याआधी बराच कारभार होऊन गेलेला असतो. एएमडीच्या मशीनमध्ये मुख्य प्रोसेसर हलण्याआधी सुरक्षा प्रोसेसर (पीएसपी) जागा होतो. इंटेलकडे ते काम मॅनेजमेंट इंजिन (एमई) करतं. ते मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये राहतं. मग रॅम ताळ्यावर आणावी लागते. हे काम इंटेलकडे एफएसपी नावाचा आणि एएमडीकडे अगेसा नावाचा तुकडा करतो. त्यानंतर बायोस, म्हणजे आजच्या भाषेत यूईएफआय. याशिवाय मायक्रोकोड, म्हणजे खुद्द प्रोसेसरच्या आतल्या सूचना, वेगळा. आणि कीबोर्ड, पंखा, बॅटरी सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर (ईसी) तर बहुतेकांच्या गावीही नसतो. वायफायच्या चिपमध्ये आणखी एक प्रोसेसर, त्याचं फर्मवेअर निराळं.

‘माझ्या लॅपटॉपचं फर्मवेअर मुक्त करा’ असं लिहिलंत तर यातलं नक्की काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि पत्र टोपलीत जातं. म्हणून पहिलं काम यादीचं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, बायोसची आवृत्ती, चिपसेट, वायफाय चिप. लिनक्स असेल तर सुरू होतानाच्या नोंदींमध्ये ‘फर्मवेअर’ (firmware) हा शब्द शोधा. कोणत्या चिपनं कोणती फाईल मागितली ते दिसेल. एफडब्ल्यूयूपीडी (fwupd) हे साधन बायोसच्या आवृत्त्या आणि सुरक्षेच्या सेटिंगांचा बऱ्यापैकी तक्ता काढून देतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सावधगिरी. या यादीच्या उत्साहात काही जण लगेच बाजारातून स्वस्तातला प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) आणि चिमटा आणून बायोसची चिप वाचायला बसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काळ्या रंगाचा जो छोटा सीएच३४१ए मिळतो, त्याच्या अनेक प्रती ३.३ व्होल्टच्या चिपच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात. मोहिमेसाठी चिप वाचायची गरज नाही. नंतर कधी वाचलीच, तर व्होल्टेज मोजून मग.

‘मुक्त’ म्हणजे काय, हे पाच पायऱ्यांत

मुक्त म्हणजे फुकट नव्हे. बायोसचा अपडेट फुकटच मिळतो, म्हणून तो मुक्त होत नाही. वापरणं, अभ्यासणं, बदलणं, वाटणं या चारही गोष्टींची मोकळीक असेल तर ते सॉफ्टवेअर मुक्त. हे तुम्हाला बहुधा माहीत असेल. कंपनीकडे मागताना मात्र या चार स्वातंत्र्यांपेक्षा मागण्यांची एक शिडी जास्त उपयोगी पडते. मी ती अशी लावतो.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे आहे तशी फाईल वाटायची परवानगी. सोर्स नाही, काही नाही; फक्त तुमची फाईल आम्हाला आमच्या वितरणात, म्हणजे आम्ही लोकांना देतो त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या संचात, घालू द्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण २००४ च्या सुमारास ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या थिओ द राड यांनी वायफाय चिपवाल्यांच्या मागे लागून हेच मागितलं, सोबत चिपची कागदपत्रं. त्यांनी वापरकर्त्यांना सांगितलं, कंपन्यांना ई-मेल करा, फोन करा. रालिंक आणि रिअलटेक या तैवानी कंपन्यांनी अमेरिकी कंपन्यांपेक्षा जास्त सहकार्य केलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं त्या वर्षीचा पुरस्कार द राड यांना दिला.

दुसरी पायरी, बंद करायची सोय. सोर्स नको देऊ, पण हा भाग मला नको असेल तर झोपवता आला पाहिजे. हिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

तिसरी, कागदपत्रं. चिपमधली रजिस्टरं (तिला हुकूम द्यायच्या आतल्या जागा) काय करतात याचं पुस्तक, तेही गुप्ततेच्या करारावर सही न घेता. २८ फेब्रुवारी २०१४ ला, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या दुसऱ्या वाढदिवशी, त्याची चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमनं त्यातल्या व्हिडिओकोअर ४ या ग्राफिक्स भागाची कागदपत्रं आणि एका भावंड-चिपच्या ड्रायव्हरचा सोर्स बीएसडी या मुक्त परवान्याखाली खुला केला. तो ड्रायव्हर पायवर आणून त्यावर क्वेक ३ हा गेम नीट चालवून दाखवणाऱ्याला रास्पबेरी पाय फाउंडेशननं १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, आणि काही आठवड्यांत ते कुणीतरी पटकावलंही. कागद हातात आले की परके लोकही कोड लिहितात, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही. (पाय सुरू करणारं बूट फर्मवेअर मात्र बंदच राहिलं. उत्सवाच्या बातम्यांत ही ओळ राहून गेली.)

चौथी पायरी म्हणजे मुक्त परवान्याखाली सोर्स. आणि पाचवी, जिच्याकडे नवखे बघतच नाहीत, ती म्हणजे सही करायची किल्ली. कंपनीनं तिच्या गुप्त किल्लीनं केलेली डिजिटल सही असल्याशिवाय आजच्या बहुतेक चिप फर्मवेअर चालूच देत नाहीत. सोर्स हातात आहे, तो बदलून बांधताही येतो (म्हणजे त्यापासून चालणारी फाईल बनवता येते), पण चिप म्हणते सही कुठाय? इंटेलनं २०१८ मध्ये ऑडिओच्या डीएसपीसाठी (आवाजाचं काम करणाऱ्या वेगळ्या प्रोसेसरसाठी) ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हा प्रकल्प खुल्या परवान्याखाली सुरू केला. काम चांगलं, कोड वाचनीय. पण अनेक लॅपटॉपवर इंटेलच्या सहीचीच फाईल चालते. बऱ्याच क्रोमबुकांवर (गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपांवर) सर्वांना माहीत असलेली किल्ली चालते, म्हणून तिथे बदललेली फाईल घालता येते. कोड एकच, मशीन बदललं की स्वातंत्र्य बदललं. वर सांगितलेल्या सेव्ह फर्मवेअरचंही तेच: कोड वाचता येतो, सहीची किल्ली एएमडीच्या घरी.

पत्र लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी कोणत्या पायरीवरचं मागतोय? एका पत्रात एकच पायरी. फार तर दोन, आणि तेही ‘हे जमत नसेल तर निदान हे’ अशा पद्धतीनं.

कुणाला मागायचं

इथे बहुतेक मोहिमा चुकतात. लॅपटॉपवर ज्याचं नाव छापलंय, त्याच्याकडे बायोसचा सोर्स देण्याचा अधिकार बहुधा नसतोच. बायोसचा मूळ गाभा एएमआय, इन्साइड किंवा फिनिक्स अशा बायोस-विक्रेत्याकडून भाड्यानं घेतलेला असतो. त्यात इंटेल-एएमडीचे तुकडे असतात. आणि लॅपटॉप प्रत्यक्षात जोडलेला असतो तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल यांच्यासारख्या कारखानदारानं. मालक चार, दरवाजा एक.

सायफाईव्हची गोष्ट यासाठी लक्षात ठेवा. २०१८ मध्ये या कंपनीनं ‘हायफाईव्ह अनलीश्ड’ हा लिनक्स चालवणारा बोर्ड आणला, रिस्क-फाईव्ह या प्रोसेसरच्या खुल्या आराखड्यावरचा, किंमत ९९९ डॉलर. खुल्या संगणकाचा बोर्ड म्हणून त्याचं कौतुक चाललं होतं. जूनमध्ये रॉन मिनिच यांनी जाहीरपणे लिहिलं की सुरुवातीच्या बूट कोडचा सोर्स मिळत नाही, तेव्हा हा बोर्ड सर्वसाधारण एआरएम चिपपेक्षा (मोबाईलमध्ये असते तशीपेक्षा) जास्त खुला म्हणता येणार नाही. मिनिच हे काही कुणी सोमेगोमे नव्हेत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत त्यांनीच लिनक्सबायोस हा बायोसचा मुक्त पर्याय सुरू केला. तेच पुढे २००८ मध्ये ‘कोअरबूट’ झालं आणि आज क्रोमबुकांत चालतं. तेव्हा त्यांचं लिहिणं कंपनीनं मनावर घेतलं. गाठ कुठे होती? रॅम जागी करणाऱ्या कोडमध्ये, कारण मेमरी कंट्रोलर दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेला. कंपनीनं त्यातून वाट काढली आणि काही आठवड्यांत तो कोड प्रसिद्ध केला. त्यातल्या रजिस्टरांची कागदपत्रं नव्हती, नुसते आकडे होते, पण कोड बांधता येत होता, बोर्ड चालू होत होता.

या गोष्टीत मला तीन गोष्टी दिसतात. कंपनी लहान होती. ‘खुलं’ हा शब्द तिच्याच जाहिरातीत होता, म्हणून तिला तो चिकटला. आणि तक्रार एका नेमक्या टप्प्याबद्दल होती. सगळं जगच बंद आहे अशी नव्हती.

म्हणून नवख्यांना माझा सल्ला थोडा विचित्र वाटेल: इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनापासून सुरुवात करू नका. ते सगळ्यांना खुपतं हे खरं, पण त्या भिंतीवर डोकं आपटून अनेकांचा उत्साह मावळलाय. ईसीपासून सुरुवात करा. कीबोर्ड-पंखा-बॅटरीचा तो लहानगा कंट्रोलर. त्याचा कोड बराचसा लॅपटॉपवाल्याच्या किंवा त्याच्या कारखानदाराच्या ताब्यात असतो, त्यात सिनेमांच्या हक्कांची वगैरे भानगड नसते. गूगलनं क्रोमबुकांसाठी आपला ईसी कोड बीएसडी परवान्याखाली ठेवलेला आहे. फ्रेमवर्क कंपनीनं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या लॅपटॉपचा ईसी कोड त्याच पायावर खुला केला. सिस्टम७६ चाही आहे. म्हणजे ‘असं कुणी करतं का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे तीन नावं तयार आहेत.

नकार कसा वाचायचा

नकाराचे चारपाच ठरलेले सूर आहेत.

‘सुरक्षेच्या कारणास्तव.’ हा सगळ्यात आवडता. यावर वाद घालू नका, मे २०१७ ची आठवण द्या. इंटेलच्या एएमटी या दूरनियंत्रण सोयीत असं भोक सापडलं की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडायचं. हा कोड बंदच होता, आणि भोक अनेक पिढ्यांच्या फर्मवेअरमध्ये होतं. इंटेलनं दुरुस्ती दिली, पण ती मशीनपर्यंत पोचायला लॅपटॉपवाल्यानं नवा बायोस काढावा लागतो, आणि जुन्या मॉडेलांसाठी तो काढायला कुणाला वेळ असतो? सोर्स हातात असता तर निदान दुसऱ्या कुणाला ते करता आलं असतं. तुमचा मुद्दा इथे आहे. ‘उघडा कोड म्हणजे सुरक्षित कोड’ असं सरसकट लिहू नका. ते खरंही नाही आणि पलीकडचा अभियंता ते लगेच पकडतो.

‘दुसऱ्यांचं बौद्धिक धन आहे.’ हे बहुतेकदा खरं असतं. मग विचारा: कुठल्या भागात? तो भाग सोडून बाकीचं देता येईल का? पुढच्या चिपचा करार करताना ही अट घालाल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आजची चिप हातची गेलेली असते. करार पुढच्याचा होत असतो.

‘सिनेमा-कंपन्यांचे करार.’ मॅनेजमेंट इंजिन संरक्षित व्हिडिओच्या कामात गुंतलेलं असतं, त्यामुळे ही अडचणही बनावट नसते. इथे दुसऱ्या पायरीवर उतरा: तो भाग वेगळा करून बाकीचं बंद करता येईल अशी सोय द्या.

आणि मग उत्तरच न येणं. याचा अर्थ नकार असा लावू नका. बहुतेकदा तुमचं पत्र कुणाच्याच कामाच्या यादीत बसत नाही, एवढंच. ग्राहक-सेवेत बसलेल्या माणसाकडे ‘पडदा काळा झालाय’ आणि ‘बॅटरी फुगलीय’ यांचे साचे असतात. ‘सोर्स कोड हवाय’ याचा नसतो. म्हणून तिथे लिहू नका. कंपनीचे अभियंते लिनक्स कर्नलला जे बदल पाठवतात त्यावर त्यांची नावं असतात, परिषदांत ते बोलतात. त्यांना सभ्यपणे विचारा की हे विचारायचं कुणाला. २०१३ मध्ये क्वालकॉम अथेरॉसनं एआर९२७१ या यूएसबी वायफाय चिपच्या फर्मवेअरचा सोर्स खुला केला, तो आतल्याच अभियंत्यांनी नेट लावून धरला म्हणून. आतल्या माणसाला बाहेरच्या पत्रांचा उपयोग असतो: वरिष्ठांसमोर ठेवायला. तुमचं पत्र त्याच्या हातातला कागद आहे असं समजून लिहा.

पत्र

परदेशी कंपनीला अर्थात इंग्रजीत लिहाल. भारतातल्या कंपनीला, संस्थेला, कॉलेजला मराठीत लिहायला काही हरकत नाही. नमुना देतो; जशाचा तसा शंभर जणांनी पाठवला तर तो कचऱ्यात जाईल, तेव्हा आपल्या शब्दांत उतरवा.

*विषय: आपल्या (मॉडेल क्रमांक) लॅपटॉपमधील एम्बेडेड कंट्रोलरच्या फर्मवेअरचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली मिळण्याबाबत.*

*महोदय/महोदया,*

*आमच्या संस्थेत वरील मॉडेलचे (संख्या) लॅपटॉप आहेत. बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय यांत नाही. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावलेले असल्याने बॅटऱ्या लवकर निकामी होतात. कंट्रोलरच्या फर्मवेअरचा सोर्स मिळाल्यास ही सोय आम्ही स्वतः करू शकू आणि केलेला बदल आपल्याला परत देऊ.*

*विनंती अशी की हा कोड बीएसडी, एमआयटी किंवा जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध करावा. काही भाग अन्य कंपनीचा असल्यास तो वगळून उर्वरित भाग द्यावा आणि वगळलेला भाग कोणता ते कळवावे. फ्रेमवर्क कंपनीने २०२२ मध्ये असा कोड प्रसिद्ध केला आहे.*

*पुढील खरेदी (महिना) मध्ये आहे. त्यापूर्वी आपले म्हणणे कळल्यास उपकृत होऊ.*

यातलं काय काम करतं? संख्या, एक खरी अडचण, एकच मागणी, पळवाट बंद करणारं वाक्य आणि खरेदीची तारीख. काय नाही? धमकी, उपदेश, आणि ‘आम्ही बहिष्कार घालू’. दोन लॅपटॉप घेणाऱ्यानं बहिष्काराची भाषा केली की हसू येतं. आणि संख्या खोटी लिहू नका. दोन असतील तर दोन लिहा.

गिऱ्हाईक व्हा, मोठं गिऱ्हाईक

आता ती दुसरी पायरी. ऑगस्ट २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संशोधकांना इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनात एक न सांगितलेलं बटण सापडलं. एक बिट बदलला की इंजिन सुरुवातीचं आवश्यक काम उरकून झोपी जातं. त्या बिटाचं नाव होतं ‘हॅप’, आणि हॅप हा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा कार्यक्रम. इंटेलनं मान्य केलं की काही गिऱ्हाइकांच्या, अमेरिकी सरकारसाठी काम करणाऱ्यांच्या, मागणीवरून ही सोय ठेवली होती.

म्हणजे वर्षानुवर्षं लोक ‘हे बंद करता येत नाही का हो?’ विचारत होते, आणि बटण तर होतंच. फक्त ते मोठ्या गिऱ्हाइकासाठी होतं.

आपल्याकडे मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार, विद्यापीठं, बँका. केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्त-स्रोत धोरण आहेच; त्याचा रोख ई-गव्हर्नन्सच्या सॉफ्टवेअरवर आहे, फर्मवेअरवर नाही, पण सरकारी कागदात ‘का नाही ते सांगा’ अशी अट बसू शकते हे त्यातून दिसतं. सुरुवात घरापासून करा. तुम्ही शिकवता किंवा शिकता त्या सरकारी कॉलेजनं मागच्या खेपेला संगणक घेताना निविदेत फर्मवेअरच्या अपडेटबद्दल काय अट घातली होती? माहितीच्या अधिकारात १० रुपयांत विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. बहुधा उत्तर येईल ‘अशी अट नव्हती’. तो कागद घेऊन खरेदी समितीतल्या माणसाला भेटा, भांडायला नव्हे, पुढच्या निविदेसाठी दोन ओळी सुचवायला: बायोसचे सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळतील ते लिहून द्या; आणि मॅनेजमेंट इंजिन बंद करून लॅपटॉप मिळतो का ते सांगा. काही विक्रेते असं करून देतात. अटीऐवजी प्रश्न म्हणून घातलं तर निविदा कुणा एकासाठी कापून-बेतून केली असा आरोपही येत नाही. माहितीचा अधिकार खासगी कंपनीला लागू नाही, हे विसरून थेट कंपनीला अर्ज करणारेही मी पाहिलेत.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅककडेही लक्ष ठेवा. त्यांच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं वेगा हे रिस्क-फाईव्ह प्रोसेसर केले. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर बीएसडी परवान्याखाली आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं याच दिशेचा डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला. जनतेच्या पैशातून होणाऱ्या चिपबाबत ‘बूट कोड कुठल्या परवान्याखाली आहे?’ हे विचारण्याचा तुमचा हक्क कॅलिफोर्नियातल्या कंपनीला विचारण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि इथे माहितीचा अधिकारही चालतो. चिप अजून घडतेय तेव्हाच विचारा. एकदा करार झाले की मग तेच ‘दुसऱ्यांचं बौद्धिक धन’.

एकट्यानं कंटाळा येतो. पुण्यातला ग्नू/लिनक्स वापरकर्त्यांचा गट किंवा तुमच्या कॉलेजातला क्लब गाठा आणि कामं वाटून घ्या: एकानं यादी, एकानं पत्रं, एकानं उत्तरांची वही. सह्यांची मोहीम मला व्यक्तिशः फारशी आवडत नाही. दहा हजार सह्यांपेक्षा चाळीस संस्थांची, खरेदीच्या तारखांसकट पत्रं जड पडतात.

हे करू नका

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलच्या अल्डर लेक प्रोसेसरांच्या बायोसचा सोर्स फुटून इंटरनेटवर पसरला. असा कोड उतरवू नका, वाचूही नका. उद्या तुम्ही स्वतः मुक्त पर्याय लिहायला घेतलात तर तो स्वच्छ आहे हे सिद्ध करणं अवघड होऊन बसेल, आणि कोअरबूटसारखे प्रकल्प अशा माणसाचं काम घ्यायला कचरतील.

चिपचं निरीक्षण करून ती कशी चालते हे शोधणं ही मात्र वेगळी गोष्ट. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे मिळवलेला प्रोग्राम अभ्यासणं आणि दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळावा यासाठी, अन्यथा सहज मिळत नसलेली माहिती काढणं, यांना मुभा दिलेली आहे. मोठं काही करणार असाल तर वकिलाशी बोला. आणि कंपनीनं ‘गुप्ततेच्या करारावर सही करा, मग सगळं दाखवतो’ असं म्हटलं तर गोड बोलून नाही म्हणा. सही केलीत की तुमचं तोंड बंद, बाकी कुणाला काही मिळालेलं नाही.

‘हो’ आलं तर

हे सगळ्यात घाईचं काम, कारण आनंदात लोक तपासायला विसरतात. परवान्याचा मजकूर आधी वाचा. ‘फक्त मूल्यमापनासाठी’, ‘फक्त आमच्या चिपवर’ असं काही दिसलं तर ते मुक्त नव्हे. मग कोड बांधून पाहा: बांधायला लागणारी साधनं मिळतात का, की एखादा बंद कंपायलर लागतो? बांधलेली फाईल मशीनवर चालते का, की सहीवर अडते? आणि कोडमध्ये मधेच ‘ही फाईल वेगळी मिळवा’ असं कुठे लिहिलंय का?

शिवाय डाव्या खिशातलं उजव्या खिशात गेलं नाही ना, ते बघा. मे २०२२ मध्ये एनव्हीडियानं आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग एमआयटी आणि जीपीएल परवान्यांखाली खुला केला. टाळ्या पडल्या. पण त्याआधीच बरंचसं काम ग्राफिक्स कार्डावरच्या जीएसपी नावाच्या वेगळ्या प्रोसेसरकडे सरकवलेलं होतं, आणि त्याचं फर्मवेअर बंद. फायदा झाला नाही असं नाही, वितरणांची डोकेदुखी बरीच कमी झाली. पण जाहिरातीतला ‘खुला’ आणि शिडीवरची चौथी पायरी यांत अंतर होतं.

परवान्याच्या निवडीबद्दलही बोला, कंपनी विचारत असेल तर. इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनात प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांची मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम चालते हे २०१७ मध्ये उघड झालं. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं: काही वर्षांपूर्वी कंपनीच्या अभियंत्यांनी शंका विचारल्या होत्या, काही बदलही सुचवले होते, पण एवढ्या मशिनींत ती जाणार हे कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पैसे देणं लागत नव्हतं, कारण परवाना बीएसडी होता. त्याच परवान्यामुळे इंटेलला सोर्स दाखवणंही बंधनकारक नव्हतं. प्राध्यापकांची स्वतःची काही तक्रार नव्हती, हेही खरं. पण तुम्हाला हवं असेल की पुढच्या कंपनीनं झाकण लावू नये, तर जीपीएल सुचवा, त्यात बदललेला प्रोग्राम वाटताना सोर्सही द्यावा लागतो. कंपनी घाबरत असेल तर बीएसडीवर समाधान माना.

मग आभार माना, नावानिशी, जाहीरपणे. कोडची एक प्रत परवान्यासकट आपल्याकडे उतरवून ठेवा. कंपन्या विकल्या जातात, पानं नाहीशी होतात. वहीत तारीख टाका. आणि आभाराच्या ई-मेलच्या शेवटी एक ओळ, पुढच्या पायरीची: ‘कोड काल बांधून पाहिला, नीट बांधला गेला, मशीनवर चालवायला सहीची अडचण येते आहे, तेव्हा मालकाला स्वतःची किल्ली घालता येईल अशी सोय पुढच्या मॉडेलमध्ये ठेवणार आहात का?’